ज्वारीवर ज्वारी: पुण्याच्या घरात ग्लुटेनशिवाय रोजचा स्वयंपाक

‘ज्वारीवर ज्वारी दळून द्या’ असं पुण्यात आजही गिरणीवाल्याला सांगितलं जातं. गव्हावर ज्वारी दळली की पिठात कणीक येते आणि भाकरी बिघडते, म्हणून ही जुनी सवय. ज्याला ग्लुटेन, म्हणजे गहू-जव-रायमधलं चिकट प्रथिन, वर्ज्य आहे त्याच्यासाठी मात्र हे वाक्य पुरेसं नाही. ज्वारीच्या आधी दिवसभर काय दळलं गेलं, पीठ कोणत्या डब्यातून आलं, चाळणी कोणती होती, हे सगळं मोजावं लागतं. ग्लुटेनमुक्त जेवण म्हणजे महागडी तयार पाकिटं असा समज आहे, पण मराठी घरात धान्याचा प्रश्न मुळात फारसा अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, डाळी, सगळं आपल्या हाताशी आहे. घोळ होतो तो दळणात, हिंगात आणि पोळपाटावर. म्हणून या लेखात पाककृतींपेक्षा पिठावर जास्त भर आहे.

आधी एक गोष्ट. पोट बिघडतं म्हणून स्वतःहून गहू बंद करू नका. सिलिॲक आजाराची (ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर दुखावतं, तो आजार) तपासणी रक्तातल्या प्रतिपिंडांवरून (टीटीजी-आयजीए) होते आणि नंतर बहुतेक मोठ्या माणसांत दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासतात. दोन्ही तपासण्या गहू खाणं चालू असतानाच खऱ्या ठरतात. महिनोन् महिने गहू सोडून मग दवाखान्यात गेलात तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो आणि आजार असूनही निदान निसटतं. निदान झालं, तर ग्लुटेन कायमचं सोडणं हाच आज उपलब्ध असलेला उपचार आहे. औषधाने तो भाग टळत नाही. आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्यायला डॉक्टर सांगतात, ती टाळू नये.

किती म्हणजे जास्त?

‘ग्लुटेनमुक्त’ असा शिक्का मारायला भारतातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार आणि आंतरराष्ट्रीय मानकांनुसारही १ किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर असा विचार करा. कणकेत वजनाच्या साधारण ८ ते १० टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे १ किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅमच्या आसपास, जेमतेम चिमूटभर कणीक मिसळली की ते पीठ या मर्यादेला टेकलं. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, तीत सुमारे ३ ग्रॅम ग्लुटेन असतं. ‘एक घास खाल्ला तर काय होतंय’ या प्रश्नाचं उत्तर या हिशोबात आहे. काही जणांना त्या घासानंतर लगेच काहीच जाणवत नाही, पण आतड्याच्या अस्तराचं नुकसान जाणवण्यावर अवलंबून नसतं.

काय चालत नाही, यातली फसवी नावं

गहू, जव आणि राय ही तीन धान्यं आणि त्यांच्यापासून झालेलं सगळं बंद. रवा, मैदा, कणीक, लापशी, शेवया, पाव, खारी, बिस्किटं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती पुढच्या नावांत.

खपली. पुण्यात खपली गव्हाचं पीठ ‘पचायला हलकं’ म्हणून आवर्जून घेतलं जातं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि सिलिॲक असलेल्या माणसाला तो अजिबात चालत नाही. मधुमेहींसाठी त्याचे गुण काय आहेत हा वेगळा विषय. इथे त्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असंच आहे.

सातूचं पीठ. उत्तरेकडे सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. आपल्याकडच्या सातूच्या पिठात मात्र डाळ्यासोबत भाजलेला गहू असतो, आणि सातू हे जवाचंही नाव आहे. मेतकुटातही बहुतेक घरी मूठभर गहू पडतो. थालिपिठाच्या भाजणीत तर गहू ठरलेलाच. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात. ‘मल्टिग्रेन’ आट्यात पहिलं नाव गव्हाचंच असतं. नाचणीची विकतची बिस्किटं बहुधा मैद्यात नाचणी घालून केलेली असतात. माल्ट घातलेली दुधात मिसळायची पावडर, माल्ट अर्क घातलेले कॉर्नफ्लेक्स आणि बिअर यांत जव असतो. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, म्हणून भाताचा असला तरी चायनीज फ्राइड राइस बाद.

आणि हिंग. बाजारात मिळणारा पावडर हिंग शुद्ध नसतो. तीव्र असल्यामुळे तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात. हे पीठ कधी तांदळाचं असतं, पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं. रोज दोन वेळा फोडणीत पडणारी ही चिमूट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. डबीच्या मागची घटकांची यादी वाचा: ‘गहू’ दिसला तर ती डबी घरात नको, ‘तांदळाचं पीठ’ आणि ग्लुटेनमुक्त असा उल्लेख असेल तर चालेल. खडा हिंगही दरवेळी निर्भेळ असतोच असं नाही, तेव्हा त्याचीही यादी वाचावी. खात्रीचा हिंग मिळेपर्यंत फोडणी लसूण, जिरं आणि कढीपत्त्याची करा. आमटीचं काही अडत नाही. हिंगाचा धागा पुढे जातो, तो विसरू नका: विकतचं लोणचं, गोडा मसाला, उडदाचे पापड, फरसाण, पाचक गोळ्या, सांबार मसाला. ही सगळी हिंगाची घरं आहेत.

ओट्सबद्दल थोडं. ओट्समध्ये गव्हातलं ग्लुटेन नसतं आणि शुद्ध ओट्स बहुतेकांना सोसतात, पण साधे ओट्स शेतात आणि कारखान्यात गव्हा-जवाच्या संगतीत असतात. पहिले काही महिने ते बाजूलाच ठेवावेत आणि पुढे घ्यायचे झाले तर ग्लुटेनमुक्त शिक्क्याचे, डॉक्टरांना विचारून.

धान्य निवडणं

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून घ्या किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, धान्य अख्खं घ्या. तयार पीठ सुटं घेऊ नका. सुट्या बेसनाचं आणि तांदळाच्या पिठीचं पोतं कोणत्या मापाने उपसलं जातं हे तुम्हाला दिसत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घेतलीत तर भाकरी मऊ आणि गोडसर होते, पण कुठलीही ज्वारी पोत्यात, तागडीत, दुकानाच्या मापात गव्हाच्या शेजारीच वावरलेली असते.

निवडताना एका वेळी एकच वाटी धान्य मोठ्या स्टीलच्या ताटात पसरा, एका थरात. ज्वारीचा दाणा गोल आणि पांढरट. गव्हाचा लांबट, तपकिरी, पोटावर उभी चीर असलेला. उजेडात तो लगेच उठून दिसतो. बाजरीतही तसाच. डाळी आणि कडधान्यं लोक निवडत नाहीत, पण मसूर, हिरवे मूग, उडीद यांत गव्हाचे-जवाचे दाणे सापडतात. तीही याच रीतीने निवडा आणि शिजवण्याआधी तीनदा पाण्यातून काढा. निवडलेली ज्वारी दोन पाण्यांत धुऊन स्वच्छ सुती कापडावर पंख्याखाली पसरा, मग उन्हात कडकडीत वाळवा. आतून ओलसर दाणा दळताना जाळीत चिकटतो आणि पीठ गरम होऊन लवकर बिघडतं. दाताखाली ‘कट’ असा आवाज येईल तेव्हाच दळायला घ्यायचं.

दळण

पुण्यातल्या बऱ्याच गिरण्यांत गव्हाचं जातं वेगळं, ज्वारी-बाजरीचं वेगळं असतं. ऐकायला छान वाटतं. पण गिरणीत शांतपणे पाच मिनिटं उभं राहून बघा. पीठ खाली पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी नळी, आतून पिठाने पांढरी झालेली. जात्यावरचं पीठ झाडायचा एकच कुंचा, सगळ्या यंत्रांवर फिरणारा. गिऱ्हाइकाचा डबा हलवून बसवायला मारलेल्या थापा, त्यांतून उडालेली कणीक भिंतीवर, पंख्यावर, शेजारच्या उघड्या डब्यात. आणि ज्वारीच्याच यंत्रावर सकाळी कुणी भाजणी दळून गेलेलं असतं, गव्हासकट. यात गिरणीवाल्याचा काही दोष नाही. ती जागा चिमटीच्या हिशोबासाठी बनलेलीच नाही. निदान झालेल्या माणसाचं पीठ सार्वजनिक गिरणीतून आणू नये, हे आमचं ठाम मत आहे.

मग घरघंटी. घरगुती वापराच्या घरघंटीला साधारण १ अश्वशक्तीची मोटर असते, घरच्या विजेवर चालते आणि आठवड्याचं दळण आरामात होतं. तीन अटी पाळा. एक, नवीच घ्या. गहू दळलेली जुनी घरघंटी कितीही झाडली-पुसली तरी दळणाच्या कप्प्यात आणि जाळ्यांत पीठ अडकून राहतंच. दोन, पहिला अर्धा-एक किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढा, ग्लुटेन चालणाऱ्यांना द्या. तीन, तिच्यात घरातल्या कुणासाठीही, कधीही, थोडासुद्धा गहू जाणार नाही. बाकीच्यांच्या पोळ्यांची कणीक बाहेरून दळून आणा. लोक उलटं करतात: घरघंटीत गहू आणि ‘त्याच्यापुरती’ ज्वारी गिरणीत.

घरघंटी परवडत नसेल किंवा जागा नसेल तर मिक्सर आहे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून मिक्सरमध्ये बारीक होतात, नाचणी आणि भाजलेली डाळही होते. ज्वारी मिक्सरमध्ये थोडी रवाळ राहते, तेव्हा भांडं निम्मंच भरा, थांबत-थांबत फिरवा आणि बारीक चाळून वरचं परत फिरवा. एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका, भांडं तापतं आणि पिठाला वास येतो. तिसरा मार्ग ग्लुटेनमुक्त शिक्क्याच्या बंद पिठांचा. महाग, पण प्रवासात आणि आजारपणात उपयोगी.

किती दळायचं? ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचं. त्यानंतर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. बाजरीचं त्याहून कमी, कारण बाजरीतला स्निग्धांश दळल्यावर हवेशी भिडतो आणि पीठ कडवट होतं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपुरतंच दळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. नाचणी आणि तांदळाचं पीठ महिनाभर छान टिकतं.

भाकरी: ग्लुटेन नसताना पीठ कशाने धरतं

कणकेला ग्लुटेनची जाळी धरून ठेवते. ज्वारीत ती नाही, म्हणून तिथे पिठातल्या स्टार्चलाच चिकट व्हायला लावायचं असतं आणि त्यासाठी पाणी उकळतं हवं. कोमट पाण्यात मळलेली भाकरी तव्यावर टाकताना तुटते, ती याचमुळे.

दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ, म्हणजे सपाट भरलेली मोठी वाटी. परातीत पीठ, चिमूटभर मीठ, मधे खळगा. खळखळ उकळलेलं १२० मिली पाणी घ्या, त्यातलं तीन चतुर्थांश खळग्यात ओतून उलथन्याने कालवा आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. हात लावण्याइतकं झालं की तळहाताच्या टाचेने परातीला घासत मळा, निदान चार मिनिटं. सुरुवातीला गोळा भुसभुशीत असतो. घासता घासता तो गुळगुळीत होतो आणि बोटाने दाबला तर कड न फाटता दबतो. तिथे थांबायचं. कड फाटत असेल तर उरलेल्या पाण्यातलं चमचाभर लावा, पुन्हा घासा. दोन्ही गोळे एकदम मळून ठेवू नका. दुसरा गोळा थांबला की कोरडा पडतो.

परातीत कोरडं पीठ भुरभुरा, गोळा चपटा करून बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे थापत न्या, भाकरी आपोआप फिरत राहिली पाहिजे. ती फिरली नाही तर खाली पीठ कमी आहे. तवा आधीच चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच ओल्या हाताने सगळीकडे पाणी फिरवा, कडेपर्यंत. पाणी पूर्ण वाळायच्या आत, पृष्ठभाग अजून थोडा ओलसर असताना उलटा. वाळल्यावर उलटली तर वरचा पापुद्रा तडकतो आणि फुगायची वाफ त्या चिरेतून निघून जाते. पाण्याची बाजू तव्यावर पूर्ण भाजू द्या, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर. फुगते.

हाताने थापणं जमत नसेल तर उकड काढा. एक वाटी पाणी, मीठ आणि अर्धा चमचा तेल उकळून त्यात तेवढीच एक वाटी पीठ घाला, ढवळून गॅस बंद, दहा मिनिटं झाकण. गरम असतानाच मळून लाटण्याने लाटा. नवशिक्यांनी आणि वसतिगृहात राहणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. बाजरीला आणि नाचणीलाही हीच रीत बरी, त्यांना ज्वारीपेक्षा विरी कमी असते.

डब्यातली पोळी

भाकरी गरम उत्तम, दुपारी एकला कंपनीच्या कँटीनमध्ये मात्र वातड. डब्यासाठी इसबगोल कामाला येतं. इसबगोलाची भुसी पाणी धरून जेल बनवते आणि ग्लुटेनच्या जाळीचं काम बऱ्यापैकी करते.

ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, तांदळाची पिठी ३० ग्रॅम, इसबगोलाची भुसी एक मोठा चमचा भरून (साधारण ५ ग्रॅम), मीठ. वरून १६० मिली कडक गरम पाणी, चमच्याने कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. ही पंधरा मिनिटं गाळली तर भुसी फुगत नाही आणि पीठ हाताला चिकटत राहतं. मग माणूस वरून पीठ घालतो आणि पोळी पुठ्ठ्यासारखी होते. नंतर चमचाभर तेल लावून मळा, पाच-सहा गोळे करा, तांदळाच्या पिठीवर लाटा. मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर पटकन भाजा, एक-एक बाजू मिनिटभर. जास्त वेळ तव्यावर राहिली की वाळते. उतरवल्याबरोबर तूप लावून सुती फडक्यात एकावर एक गुंडाळा. चार-पाच तास मऊ राहते. या पोळीबरोबर पाणी पुरेसं प्यावं, भुसी पोटातही पाणी ओढते.

घरात दोन्ही स्वयंपाक असतील तर

सगळ्या घराने गहू सोडायची गरज नाही, पण काही वस्तू दोन लागतातच. लाकडी पोळपाट, लाटणं, काथवट: लाकडाच्या छिद्रांत कणीक शिरते. लोखंडी आणि बिडाचे तवे, कारण ते साबणाने घासून कोरे करत नाहीत. चाळण्या, किसण्या, पिठाचे डबे, पोळ्यांचा डबा, भांडी घासायची एक घासणी. तुळशीबागेत हे सगळं एका फेरीत मिळतं. मुठीला लाल दोरा किंवा रंगाचा पट्टा लावा, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारावं लागत नाही. स्टीलची पातेली, कुकर, कढई, काचेची भांडी नीट घासली की दोघांना चालतात.

क्रम महत्त्वाचा. आधी ग्लुटेनमुक्त स्वयंपाक पूर्ण करून झाकून ठेवा, मग कणकेचा डबा उघडा. कणीक चाळताना उडते आणि बराच वेळ हवेत राहून ओट्यावर बसते. तळणीचं तेल वेगळं: ज्यात पुऱ्या तळल्या त्यात साबुदाणावडे नाहीत. तूप, लोणचं, जॅम यांच्या बरणीत पोळीचा तुकडा बुडवलेला चमचा जातो, म्हणून बरणीच वेगळी ठेवावी. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं आणि सगळं पाळूनही प्रतिपिंडं कमी का होत नाहीत याचं कारण अनेकदा इथेच सापडतं.

गव्हाशिवाय भाजणी

ज्वारी ५०० ग्रॅम, बाजरी ५०० ग्रॅम, तांदूळ २५० ग्रॅम, हरभरा डाळ २५० ग्रॅम, उडीद डाळ २०० ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, जिरं २५ ग्रॅम. गहू गेल्याने थालिपीठ धरत नाही अशी तक्रार असते. म्हणून इथे उडीद नेहमीपेक्षा जास्त आहे, तो चिकटपणा देतो. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत. तांदूळ फुलून पांढरे होईपर्यंत, हरभरा डाळ गुलाबीसर, उडीद खमंग वास सुटेपर्यंत आणि एकही दाणा काळा न होता, ज्वारी काही दाणे फुटेपर्यंत. धणे-जिरं शेवटी, गरम कढईत नुसते परतून. पूर्ण गार झाल्यावर घरघंटीत दळा. गरम दळलं तर पिठाला घाम येऊन जाळी येते.

थालिपिठाला वाटीभर भाजणी, बारीक चिरलेला मोठा कांदा, तिखट, तीळ, कोथिंबीर, गरम पाणी, आणि मळून पंधरा मिनिटं विसावा. ओल्या फडक्यावर थापून मधे भोक, तव्यावर तेल, झाकण घालून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. मेतकूटही याच रीतीने घरी होतं: गव्हाच्या जागी तेवढेच तांदूळ, बाकी कृती तीच.

नाश्ता, सण, आणि पोषणाची बाजू

पोहे, तांदळाची उकड, घावन, मुगाचं धिरडं, आंबोळी, इडली, ज्वारीच्या लाह्या, नाचणीची आंबील: आठवडा इथेच भरतो. रव्याच्या उपम्याची आठवण येत असेल तर वरी किंवा तांदळाची कणी कोरडी भाजून त्याचा करा. वरीला दुप्पट, कणीला अडीचपट उकळतं पाणी. उपवासाचे पदार्थ तर आधीपासूनच गव्हाशिवायचे आणि बहुतेक घरांत हिंगाशिवायचेही. फक्त उपवासाची भाजणी बाहेरून दळून आणू नका.

सणांत उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, नारळाच्या वड्या, चिवडा निर्धास्त, बेसन घरच्या डाळीचं असलं की झालं. नानखटाईला तर ग्लुटेन नकोच असतं. ती खुसखुशीत हवी, त्यामुळे बेसन आणि तांदळाची पिठी निम्मी-निम्मी घेऊन ती मैद्याइतकीच सुरेख होते. पुरणपोळी मात्र हट्टाने मैद्यासारखी लाटायला जाऊ नका. तांदळाच्या उकडीच्या पारीत पुरण भरून केळीच्या पानावर थापा, जाडसर पण अखंड होते. शंकरपाळे, चिरोटे, बाकरवडी यांच्या नकला फारशा साधत नाहीत.

मोठी चूक ताटाच्या दुसऱ्या बाजूला होते. गहू सुटला की दोन्ही वेळा भात, नाश्त्याला साबुदाणा, मधे ग्लुटेनमुक्त बिस्किटं असं सुरू होतं. महिन्याभरात बद्धकोष्ठ आणि वाढलेलं वजन. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्या आत असतात, ज्वारी-बाजरी-नाचणीत १० ग्रॅमच्या आसपास. नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि निदानाच्या वेळी हाडं कमकुवत झालेली असतात तेव्हा ते हवंच असतं. बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर लोह. ते अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. दिवसातून एकदाच भात आणि एकदा तरी भाकरी, हा सोपा नियम पुरेसा आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दूध सोसत नसेल तर घाबरू नका; आतड्याचं अस्तर दुखावल्यामुळे दुधातली साखर पचत नाही, अस्तर भरून आलं की बहुतेकांना पुन्हा पचतं. तोवर दही-ताक घ्या. लोह, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सांगण्यानुसार तपासत राहा.

बाहेर खाताना

मिसळीत पाव बाजूला ठेवून भागत नाही, फरसाणात मैदा आणि हिंग दोन्ही असतात. भेळेत पुरी चुरलेली. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं, पण तेल समोशाचं. डोशाचा तवा रवा डोशालाही वापरतात आणि सांबारात हिंग. पोळी-भाजी केंद्रातून भाकरी घेताना दोनच प्रश्न विचारा: थापायला कोणती पिठी घेता, आणि पोळीचा तवा हाच का? पहिल्याचं उत्तर ‘कणीक’ असं आलं तर दुसरा विचारायची गरज नाही. बाहेर त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणजे साधा भात, दही, उकडलेली अंडी, कणीस, फळं, शेंगदाणे, कपातलं आइस्क्रीम, तेही बिस्किटाचा चुरा नसलेलं.

लग्नकार्यात यजमानांना आजाराचं नाव सांगून उपयोग होत नाही, आचाऱ्याला ते कळत नाही. आदल्या दिवशी आचाऱ्यालाच असं सांगा: गहू, रवा, मैदा, शेवया यांतलं काही नको, वरण फोडणीआधी वेगळं काढा, हिंग नको, भात पहिल्या हंड्यातला, नव्या वाढणीने. आणि तरीही पिशवीत घरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतःचा चमचा ठेवा.